हत्तीला शिडी

निकमांच्या घरात पोरगं झालं की बाप आधी त्याच्या मनगटाची जाडी बघायचा, तोंड मागनं. थोरला भाऊसाहेब त्या परीक्षेत पहिल्याच दिवशी पास झाला. सहा फुटाला टेकला, मांड्या बाभळीच्या सोटासारख्या, जत्रेतल्या कुस्त्या मारून फेटे घरी आणले. त्याच्यामागं बऱ्याच वर्षांनी शंकर झाला आणि पाच फुटाच्या वर बोटभर जाऊन थांबला. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, थोरल्यानं आईच्या पोटातलं सगळं खाल्लं, धाकट्याच्या वाट्याला खरवड आली. शंकर हे ऐकतच मोठा झाला. मोठा म्हणजे वयानं.

विटा-आटपाडीकडची जमीन पोटाला पुरली नाही, तशी तिथली माणसं भट्टी घेऊन देशभर पांगली. कुठल्याही शहरात सराफांच्या गल्लीत मागच्या अंगाला एखादी काळवंडलेली खोली असते. मोडीचं सोनं-चांदी गाळून तिथं शुद्ध करतात. त्या खोलीतनं ‘आरं, जरा सरक की’ असं ऐकू आलं तर समजावं, गलाईवाला आपल्याकडचा. भाऊसाहेब विशी गाठायच्या आत दिल्लीत आला, दुसऱ्याच्या भट्टीवर राबला, मग गाझियाबादच्या सराफ्यात स्वतःची भट्टी टाकली आणि शंकरला बोलावून घेतलं. दोघं भाऊ एकाच इमारतीत वर-खाली राहायचे. गिऱ्हाईक सांभाळायला भाऊसाहेब, भट्टीला शंकर. सोनं वितळलेली मूस चिमट्यात धरून साच्यात ओतायची तर हात शंकरचाच लागायचा. तो म्हणायचा, भरलेली मूस कलंडायला लागली की मग जोर करून उपयोग नाही, कलंडायच्या आधी हात तिथं पायजे. यात काही शहाणपण आहे असं त्याला वाटत नसे. ते त्याचं रोजचं काम होतं.

त्याची बायको गिरिजा आटपाडीची. ती त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं शंकरच्या पायाखाली पाट दिला होता आणि गिरिजानं ती गोष्ट आजवर कुणाला विसरू दिली नव्हती. वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला की म्हणायची, “तुमी ऱ्हाऊद्या, तुमी खालचं बघा.”

धंद्याचा जम बसल्यावर भाऊसाहेबानं मोटरसायकल घेतली ती अंगाला शोभंल अशी. लांब पल्ल्याची, उंच सीटची, वजनाला दोन क्विंटलच्या वर. शंकर पहिल्यांदा तिच्यावर बसला तेव्हा त्याचे दोन्ही पाय हवेत लोंबले आणि भाऊसाहेबाचा पोरगा धीरज, तेव्हा शाळेत होता, खो खो हसला. गाडीला सगळे हत्ती म्हणायला लागले.

आणि हत्तीचा मान होता संक्रांतीला.

दिल्लीतली मराठी माणसं दर संक्रांतीला, लढाईच्या दिवशी, पानिपताला जातात, काला अंबच्या स्मारकाला. कुणी बसनं, कुणी आपल्या गाडीनं. भाऊसाहेबाच्या ओळखीतली मंडळी मोटरसायकलींवर जायची. सकाळी कस्तुरबा गांधी मार्गावर जमायचं आणि तिथनं ओळीनं निघायचं. सगळ्यात पुढं झेंड्याची गाडी, म्हणजे हत्ती. मागच्या सीटच्या डाव्या बाजूला एक लोखंडी नळी जोडलेली, त्यात भगव्याची काठी उभी. पहिल्या वर्षी वाटेत चहाला थांबले, तेव्हा कुणीतरी झेंड्याची गाडी साइड स्टँडला लावली. गाडी कलली तसा झेंडाही कलला. मंडळीतले म्हातारे नरसिंहराव चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, पानिपताला निघालेला झेंडा वाटेतच झुकला. एवढंच म्हणाले, पण कुणाला चहा गोड लागला नाही. तेव्हापासनं नेम पडला की झेंड्याची गाडी साइड स्टँडवर तिरकी टेकायची नाही. थांबली की मेन स्टँडवर, ताठ. काला अंबच्या फाटकापाशी काठी नळीतनं काढून हातात घेईपर्यंत झेंडा सरळ राहिला पाहिजे.

हत्तीला मेन स्टँडवर चढवणं म्हणजे खेळ नव्हता. भाऊसाहेब एक हात हँडलला, एक हात मागच्या कडीला घालायचा, एक हुंकार द्यायचा, आणि मागचं चाक जमिनीवरनं उठायचं. ढाब्यावरचे सरदारजी ट्रकवाले सुद्धा बघत राहायचे. मंडळी म्हणायची, झेंड्याच्या गाडीला गडी तोलामोलाचाच पायजे. शंकर हे मागच्या व्हॅनमधनं ऐकायचा. तो व्हॅनमध्ये असायचा कारण बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि तिळगुळाचे डबे व्हॅनमध्ये असायचे. दर वर्षीच्या फोटोत त्याच्या डोक्याचा फक्त शेंडा यायचा, कुणाच्या तरी खांद्यामागं.

मागच्या उन्हाळ्यात भाऊसाहेबाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं चालायला सांगितलं, मोटरसायकल बंद केली. गाडी उभी राहून बॅटरी मेली तेव्हा भाऊसाहेबच शंकरला म्हणाला, “आठवड्याला एकदा फिरवून आण जा. जनावर बांधून ठिवलं की बिघडतं.”

शंकरनं फिरवली. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना. आणि त्याला एक गोष्ट कळली, जी त्यानं कुणाला सांगितली नाही. चालत्या गाडीला माणसाची उंची ठाऊक नसते. एकदा चाक फिरलं की हत्ती शेळीसारखा हलका. वळणावर नजर टाकली की गाडी तिकडं जाते. सगळं भ्या काय ते थांबायचं. सिग्नल लाल झाला की खाली एका पायाचा चवडा जेमतेम टेकायचा आणि दोन क्विंटल लोखंड म्हणायचं, आता सांभाळ.

पाऊसपाणी संपून दिवाळी आली, तसा मंडळीत विषय निघाला की औंदा झेंडा कोण नेणार. मंडळीची जमवाजमव यतीन करायचा. तो एका केंद्रीय खात्यात अधिकारी, पुण्याचा, बोलणं पुस्तकी पण मनानं सरळ. त्यानं धीरजचं नाव घेतलं. बापाची उंची, जिमचं अंग, गाडीही घरचीच. धीरज ‘बिल्कुल, नो प्रॉब्लेम’ म्हणाला. आणि तिथं, तिळाच्या लाडवांचा हिशोब करायला बसलेला शंकर म्हणाला, “मी नेतो की.”

कुणी हसलं नाही. यतीन म्हणाला, “शंकरराव, इच्छा आहे ती चांगलीच, पण मेन स्टँडचं बघावं लागेल.” भाऊसाहेबानं भावाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. फार वेळ लागला नाही त्याला. मग म्हणाला, “गाडी तोच फिरवतोय. संक्रांतीच्या आधी मैदानावर बघू. जमलं तर त्यो, न्हाई तर धीरज.”

शंकरला झेंडा कशासाठी पाहिजे होता, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पुढं चालायचा मान मिळवून त्याला काही कुणाला दाखवायचं नव्हतं असं नाही, दाखवायचं होतंच. पण त्याहून जास्त त्याला एकदा मागनं न जाता जायचं होतं.

मग त्यानं तो उद्योग केला.

करोल बागेत मोटरसायकली उघडून बसणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे. तिथल्या एका मिस्त्रीकडं त्यानं गाडी नेली आणि जरा इकडं-तिकडं बघून, वैदूला गुप्तरोग सांगावा तसं सांगितलं की पाय पोचत नाहीत. मिस्त्रीला त्यात काही नवल नव्हतं. त्यानं मागच्या शॉकअपची जोडणी बदलली, पुढच्या चाकाचे दोन्ही पाइप वर सरकवले, सीट उसवून आतला फोम कापला आणि वरनं तेच कव्हर परत ओढून बसवलं. गाडी खाली बसली. साइड स्टँड तेवढ्या मापानं कापून दिला. मेन स्टँडकडं बोट दाखवून म्हणाला, “ये तो भाईसाहब आजकल लगाता कौन है.” शंकरनं मान हलवली. त्याचं लक्ष पायांकडं होतं. दोन्ही पाय, टाचेसकट, जमिनीवर होते.

गाझियाबादपर्यंत तो सिग्नल लाल व्हायची वाट बघत आला.

संक्रांतीला तीन आठवडे राहिले होते तेव्हा सोसायटीमागच्या मैदानावर मंडळी जमली. नरसिंहरावांना आणि भाऊसाहेबाला खुर्च्या टाकल्या होत्या. शंकरनं गाडी फिरवली, आठचा आकडा काढला, थांबवली, दोन्ही पाय घट्ट रोवले. यतीन वा म्हणाला. धीरज म्हणाला, “काका, मस्त यार,” आणि त्यात खोट नव्हती. मग नळीत झेंडा लावला आणि भाऊसाहेब म्हणाला, “आता लाव स्टँडला.”

शंकर खाली उतरला. भावाला बघितलं होतं तसं एक हात हँडलला, एक कडीला घातला, आणि ओढलं. काहीच झालं नाही. परत ओढलं. गाडी जागची हलली, पण वर न उठता पलीकडं कलली, आणि कलंडायला लागलेली मूस त्याला दिसत असून हात तिथं पोचला नाही. धीरजनं धावत येऊन काठी धरली नसती तर झेंडा मातीत गेला असता. तरी झुकायचा तेवढा झुकलाच. नरसिंहरावांनी जिभेनं च्यक केलं.

“सर तिकडं,” भाऊसाहेब खुर्चीतनं उठत म्हणाला.

सगळे नको नको म्हणत होते. तो ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यानं हातांची पकड घेतली, स्टँडवर उजवा पाय ठेवला, नेहमीचा हुंकार दिला. स्टँड जमिनीला टेकला आणि तिथंच थांबला. मागचं चाक उठलं नाही. त्यानं परत केलं. कपाळावरची शीर उभी राहिली, गुडघ्यात काहीतरी वाजलं ते बाजूच्यांनाही ऐकू आलं. चाक उठलं नाही. भाऊसाहेबानं हात सोडले, हळूहळू चालत जाऊन खुर्चीत बसला आणि पँटवरची धूळ झटकत राहिला. पँटवर धूळ नव्हती.

आणि शंकर गाडीच्या बुडाकडं बघत होता. त्याला सगळं दिसलं. गाडी खाली आली होती आणि स्टँड होता तेवढाच लांब. म्हणजे पूर्वी जिथं दोन बोटं उचलायला लागायची, तिथं आता वीतभर. खड्ड्यात उभ्या बैलाला कठड्यावर चढवावं तसं. कुणाच्या बापालाही ते उचललं नसतं. हे तिथल्या तिथं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शंकरच्या तोंडातनं ते निघालं नाही. निघालं असतं तर पुढचं वाक्य असतं की गाडी खाली का आली.

त्या दिवसापासनं भाऊसाहेब खचला. मोठ्या झाडाला आतनं वाळवी लागली की बाहेरनं दिसत नाही, तसं नव्हतं, दिसत होतं. तो सराफ्यात यायचा बंद झाला. सुमित्रा वहिनी वर येऊन गिरिजाला सांगून गेली की ताट अर्धं परत येतंय, दिवसभर गुडघा दाबत बसतात, डॉक्टरनं माझा पाय खाल्ला म्हणतात. यतीनचा फोन आला तेव्हा भाऊसाहेब म्हणाला की झेंडा कुणालाही द्या, दुसऱ्या गाडीवर लावा, मी औंदा येत नाही. हत्ती बसला आमचा. धीरजनं शंकरला विचारलं, “पप्पांना डिप्रेशन आलंय का?” शंकर म्हणाला, थंडी फार आहे.

शेवटी त्यानं गिरिजाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी काठाला फाटली.

“म्हंजे तुमच्या पायाची तुमाला लाज,” ती म्हणाली, “आन लंगडं केलंत त्यास्नी.”

शंकरनं गाडीची किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन करोल बागेत गेला. जुनी जोडणी परत बसवली, पाइप खाली घेतले, सीटमध्ये नवा फोम भरला, साइड स्टँडला कापलेला तुकडा डागला. मिस्त्री म्हणाला, “पैर लंबे हो गये क्या?” शंकर हसला. परत येताना पहिल्याच सिग्नलला चवडा टेकला तो खडीवरनं सरकला. गाडी तोलता तोलता त्याला घाम फुटला, जानेवारीच्या थंडीत. त्याचा बेत सोपा होता. गाडी पहिल्यासारखी झाली. आता दादाला म्हणायचं, एकदा परत बघा. चाक उठेल, दादाचा जीव जागेवर येईल, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

तो खाली गेला आणि म्हणाला तसं.

भाऊसाहेब भिंतीकडं तोंड करून पडला होता. “येकदा हसं झालं तेवढं बास हाय,” तो म्हणाला. “पैलवानानं वय झाल्यावर आखाड्याकडं बघू सुद्धा नये.”

शंकर दारात उभा राहिला. धीरज मोबाइल बघत सोफ्यावर बसला होता. सुमित्रा वहिनी देवापाशी वाती वळत होती. शंकरला वाटलं, हे सगळे उठून आत गेले तर बरं. कुणी उठलं नाही.

“दादा,” तो म्हणाला, “तुमच्या गुडघ्याला काय झालेलं न्हाई. म्या गाडीचं पाय कापलं हुतं.”

मग त्यानं सांगितलं. करोल बाग, शॉकअप, फोम, सगळं. सांगताना तो भावाच्या पाठीशी बोलत होता, ते सोपं पडलं. वहिनीच्या हातातली वात तेलात बुडून खाली बसली. धीरजनं मोबाइल पालथा ठेवला.

भाऊसाहेब वळला. शंकरला वाटलं, आता लहानपणी बसायची तशी एक बसेल, आणि खरं तर ती बसली असती तर बरं झालं असतं. पण भाऊसाहेबाच्या तोंडावर राग नव्हता. कडू औषध पिऊन झाल्यावर माणूस जीभ टाळ्याला लावून बघतो, तसं काहीतरी होतं.

“दोन आठवडं,” तो म्हणाला. “दोन आठवडं मी मेलेला माणूस हुतो, भाड्या.” आणि चपला शोधायला लागला.

खाली गाडीपाशी सगळे आले, गिरिजा पण वरनं आली. भाऊसाहेबानं पकड घेतली, पाय ठेवला, हुंकार न देताच एकदा वर आला, आणि हत्ती स्टँडवर बसला. इतक्या अलगद की मागचं चाक नुसतं फिरत राहिलं. भाऊसाहेबानं सीटवर हात ठेवून श्वास सोडला. मग गाडी खाली उतरवली आणि म्हणाला, “आता तू.”

शंकरनं दोन्ही हातांनी ओढलं. काही नाही.

“हातानं कशाला मरतुयास? जोर लाव म्हणून कुणी सांगितलं?”

“तुमी तसंच लावता की.”

भाऊसाहेबानं पोराकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि गालातल्या गालात हसला. “लोकास्नी तसं दिसायचं. म्या कधी न्हाई म्हणलं न्हाई. आरं, हात नुसतं धराय. स्टँडच्या त्या दांडीवर पायाची टाच ठेव आन सरळ उभा ऱ्हा. बसलेला माणूस उठून उभा ऱ्हातो तसा. गाडी आपोआप मागं सरून वर जाती. मी उचलत नव्हतो. मी उभा ऱ्हात हुतो.”

“मग तो आवाज?” धीरज म्हणाला. “तो जो आप… तुम्ही हूं करायचे?”

“त्यो सरदारजीस्नी.”

गिरिजा म्हणाली, बैलाचं पण तसंच असतं. आटपाडीच्या जत्रेत खिलार बैल बापाएवढा उंच, आणि त्याला धरून चालणारी मी परकरी पोर. वेसण ओढायची नसते, नुसती हातात असावी लागते. वजन त्याचं त्यानंच न्यायचं. धीरजनं विचारलं, काकी, वेसण क्या होता है? तिनं त्याच्या नाकात दोन बोटं घालून दाखवलं.

शंकर स्टँडच्या दांडीवर उभा राहिला. गाडी हलली, अर्ध्यावर आली आणि परत खाली बसली. त्यानं परत केलं. पुन्हा अर्ध्यावर. युक्ती बरोबर होती. माणूस कमी पडत होता. भाऊसाहेब दांडीवर उभा राहायचा तेव्हा त्याच्यामागं एक क्विंटल असायचं. शंकरचं त्याच्या निम्म्यातच भागत होतं. युक्तीनं सगळं होतं असं म्हणतात ते खरं नसतं. वजन ते वजनच असतं, आणि ते नसलं की ते दुसरीकडनं आणावं लागतं.

गिरिजा वर गेली आणि पाट घेऊन आली. जेवायला बसायचा जुना सागवानी पाट, खालच्या पट्ट्या निखळल्यामुळं नुसती फळी उरलेला. तिनं तो मागच्या चाकाच्या मागं ठेवला आणि म्हणाली, चाक ह्याच्यावर घ्या. शंकरनं गाडी मागं सारून चाक फळीवर घेतलं. गाडी अंगठाभर उंच झाली. मग तो दांडीवर उभा राहिला, आणि हत्ती चढला.

शंकर त्याच्याकडं बघत होता. चेहऱ्यावर आनंद यायला पाहिजे होता.

“पाट न्हाई न्यायचा,” तो म्हणाला. “सगळ्यांम्होरं पाट? त्यापेक्षा धीरजलाच नेऊंद्या.”

लग्नाच्या फोटोतला पाट त्याच्या डोळ्यापुढं आहे हे गिरिजाला कळलं, आणि या खेपेला ती त्यावर काही बोलली नाही. बोलला भाऊसाहेब.

“सरदार हत्तीवर कसं चढायचं?” त्यानं विचारलं. “उडी मारून? शिडी लावून चढायचं. खाली माणूस शिडी धरून उभा असायचा. शिडीनं चढला म्हणून बुटका, असं त्या सरदाराला कुणी म्हणलंय?” जरा थांबून तो म्हणाला, “पानिपतात घात कवा झाला म्हणत्यात? हत्तीवर हुतं तोवर सेनापती भाऊ सगळ्यांस्नी दिसत हुतं. खाली उतरून घोड्यावर बसलं, लढायला त्येच सोयीचं, पर लोकांनी बघितलं तर हत्तीवरची अंबारी रिकामी. दिसणं आन लढणं दोन येगळ्या गोष्टी हायती, शंकर. माझं आयुष्य दिसण्यात गेलं.”

वहिनी म्हणाली, थंडी वाजतीय, चहा टाकते.

उरलेले दिवस शंकर रोज भट्टी पेटायच्या आधी गाडी काढायचा. दोन्ही पाय टेकायचा नाद त्यानं सोडला. थांबायच्या आधी एका कुल्ल्यावर सरकायचं, डावा पाय पुरता खाली, उजवा ब्रेकवर. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो हे त्याला एवढ्या वर्षांनी दिसलं. पाय टाकायचा तो उंच बाजूला. खड्डा, खडी, सांडलेलं तेल त्याला आता लांबनं दिसायचं. थोराड माणसाला भुईकडं बघावं लागत नाही, ती त्याच्या पायाखाली असतेच. बारक्याला ती आधी शोधावी लागते, आणि शोधायची सवय लागली की तो गाडी कलायच्या आधीच सरळ असतो. मूस धरणाऱ्याला हे कळायला एवढा वेळ लागायला नको होता, पण लागला.

संक्रांतीला धुकं असं होतं की कस्तुरबा गांधी मार्गावर समोरच्या फुटपाथवरचा माणूस दिसत नव्हता. मंडळी शाली-मफलरांत गुंडाळलेली. यतीननं शंकरला बाजूला घेऊन विचारलं, नक्की ना? शंकरनं मागच्या सीटवर दोरीनं बांधलेला पाट दाखवला. यतीनला वाटलं नैवेद्याचा आहे. त्यानं नमस्कार केला.

कर्नाल रोडवर धुक्यामुळं गाड्या रांगत होत्या. चल, थांब, चल, थांब. हे थांबणं संपतच नव्हतं, आणि दर वेळी एक कुल्ला, एक पाय, उंच बाजू. मुरथलच्या आसपास एका ट्रकनं अचानक ब्रेक मारला, तेव्हा शंकरचा पाय शेणावर पडून घसरला आणि हत्ती डावीकडं कलला. मागच्यांनी झेंडा कलताना बघितला. पण अर्धा हात कलायच्या आत शंकरनं क्लच सोडून गाडी एक हात पुढं काढली आणि चालत्या गाडीनं स्वतःला सरळ केलं. ते पाहून कुणी शाबास म्हणालं नाही, कारण धुक्यात नक्की काय झालं ते कुणाला कळलं नाही.

काला अंबला आत-बाहेर गर्दी होती. महाराष्ट्रातनं आलेल्या बस, पोरं, बायका, फेटेवाले. फाटकापाशी गाडी थांबली. शंकर उतरला आणि गाडी अंगावर तोलून धरत मागं वळून म्हणाला, “धीरज, पाट आण.” हळू म्हणायचं होतं, मोठ्यानं म्हटलं गेलं.

धीरजनं पाट सोडला. सहा फुटाचा पोरगा, जिमचं अंग, गर्दीत गुडघ्यावर बसला आणि चाकामागं पाट धरून राहिला. दोन-चार पोरांनी मोबाइल वर केले. कुणीतरी मागनं म्हणालं, ये क्या पूजा है? शंकरनं चाक पाटावर घेतलं, दांडीवर टाच ठेवली आणि उभा राहिला. पहिल्या खेपेला गाडी अर्ध्यावरनं परत आली. नरसिंहराव च्यक करणार होते ते राहिले. दुसऱ्या खेपेला शंकर उभा राहिला तो उभाच राहिला, आणि हत्ती ताठ.

मागं व्हॅनमध्ये या वर्षी भाऊसाहेब होता, मांडीवर तिळगुळाचा डबा, पाय लांब केलेला. काचेवर धुकं बसलं होतं, ते त्यानं तळव्यानं पुसलं. बाजूला बसलेल्या गिरिजाला तो म्हणाला की झेंडा तेवढा दिसतोय, गडी कुठं दिसत नाही.

“दिसायचा न्हाईच,” ती म्हणाली. “खाली असल. पाट उचलत असल.”

भाऊसाहेबानं मान हलवली आणि डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं.